उघडणी शून्य

तुम्ही चोर असतात तर बरं झालं असतं. चोर निदान काय उचललं ते घरी नेऊन उजेडात बघतो. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या आईची साक्ष तुम्ही न ऐकता पुसलीत, आणि ग्रंथालयाच्या वर्षाच्या अहवालात "अनावश्यक भार हलका केला" असं छापून आणलंत. तो भार म्हणजे पावणेदोन तास बोलणारी एक बाई होती.

तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतील, माणूस वाईट होता, आणि विषय मिटेल. माणूस वाईट असता तर मीही गप्प बसले असते. वाईट माणसांची मला सवय आहे, मी कागदगिरणीच्या गावात वाढले.

त्या गावातलं आधी सांगते, कारण तुम्ही ते कधी विचारलं नाहीत.

माझी आई सायमा हौताला गिरणीच्या कॅन्टीनमध्ये होती. वडील यंत्रांवर. माझा भाऊ रूडी सरकत्या पट्ट्यावर, जिथून ओंडके चिरणीच्या तोंडात जातात. एक ओंडका आडवा अडकला, पट्टा थांबवला, आणि रूडी तो सोडवायला वर चढला. तो वर असताना पट्टा चालू झाला. एकोणीस वर्षांचा होता. शवपेटी झाकलेलीच आणली, झाकलेलीच पुरली. आईला आत बघू दिलं नाही.

चौकशीत ठरलं, पोरगा प्यायलेला होता, त्यानंच पट्टा नीट बंद केला नव्हता. गिरणीनं ठरवलं आणि गावानं मानलं. गिरणी कधीच बंद पडली, पण अजूनही तिथं कुणी पिऊन गाडी खड्ड्यात घातली तर लोक म्हणतात, "याचाही रूडी झाला." माझ्यासमोर म्हणतात. माझ्या भावाचं नाव आता गावात क्रियापदासारखं वापरतात.

कॅन्टीनच्या खिडकीतून पट्ट्याचं बटण दिसायचं. आई तेव्हा त्या खिडकीत होती. तिनं काय पाहिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वडिलांची नोकरी गिरणीची, राहतं घर गिरणीचं, आणि फोरमन व्हर्न टिलसन चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसायचा. आम्हा फिन्निश लोकांत शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवतात, आणि त्या वाफेत बसलेला माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. मी आईला तिथंही विचारलं. तिनं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. दगड चरचरले. "अजून थोडं टाकू का?" एवढंच म्हणाली.

मग १९९४च्या जानेवारीत तुमच्या विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिटकोंब टेपरेकॉर्डर घेऊन आले. गिरणीतल्या जुन्या माणसांचं बोलणं ते ग्रंथालयासाठी साठवत होते. आईसकट चाळीस जण बोलले. प्राध्यापकांची पद्धत अशी की बोलणाऱ्यानं आपलं कुलूप आपण लावायचं. ज्याला वाटेल त्यानं आजच ऐकू द्यावं, ज्याला भीती असेल त्यानं मुदत सांगावी. सगळ्यांनीच मुदत सांगितली, आणि कुणाची किती ते गावभर झालं. आमच्या गावात भीती नसलेला माणूस तेव्हा नव्हताच.

आई म्हणाली, "तीस वर्षं."

"तीस फार होतात, मिसेस हौताला."

"तीस वर्षांत टिलसन मरेल. मी तर मरेनच. मग ही ऐकेल." तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "आधी नाही. हिला राग आवरत नाही."

मग तिनं वेलची घातलेला पुल्ला पाव कापला, प्राध्यापकांना कॉफी ओतली आणि मला म्हणाली, "जा, लाकडं फोड."

"लाकडं भरपूर आहेत."

"अजून फोड. कुऱ्हाडीचा आवाज थांबला तर मी बोलायची थांबेन."

म्हणजे मी दाराला कान लावू नये म्हणून. मी फोडत राहिले. गुडघाभर बर्फात उभी राहून पावणेदोन तास. मध्ये एकदा मान वर केली तर खिडकीच्या काचेमागे आईचे ओठ हलताना दिसले. ती हातानं काहीतरी दाखवत होती, एक हात उंच, एक खाली. काचेतून शब्द येत नव्हता. मी कुऱ्हाड उचलली. त्या टेपवर आईच्या आवाजामागे माझी कुऱ्हाडही होती. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "किती सुंदर."

आई २००१मध्ये गेली. तिचं बोलणं ऐकलेले एकटे प्राध्यापक व्हिटकोंब, तेही तिच्या आधीच वारले होते. पुढच्याच वर्षी मी ग्रंथालयात नोकरीला लागले, डिजिटल जतन विभागात. मुलाखतीत विचारलं, हेच काम का. मी खरं सांगितलं: माझ्या आईचा आवाज तुमच्या तळघरात आहे, त्याच्याजवळ राहायचंय. तुमच्या आधीचे जे संचालक होते ते हसले, मग त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर मी लिहून दिलं की गिरणीच्या संग्रहात माझा जवळचा संबंध आहे, तेव्हा त्याविषयी काही ठरवायचं असेल तर मी त्या खोलीत बसणार नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, अशी माणसं हवीत.

हे काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायची गरज पडावी ही लाजेची गोष्ट आहे, पण पडली. कागद ठेवून दिला तर राहतो. फाइल ठेवून दिली तर मरते. तिला सारखं राखावं लागतं. फाइल म्हणजे आकड्यांची लांबच लांब माळ. त्या माळेवरून यंत्र एक ठसा काढतं, माणसाच्या बोटाचा काढतात तसा. एक मणी जरी हलला तरी ठसा बदलतो. दर तिमाहीला यंत्र प्रत्येक फाइलचा ठसा पुन्हा काढतं आणि जुन्याशी ताडून बघतं. जुळला तर हिरवी खूण. यात फाइल उघडावी लागत नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास चाललाय ना एवढं बघून दार लोटून घ्यावं, तसं ते आहे.

आणि एक प्रत कधीच पुरत नाही. तीन ठेवायच्या. एक आमच्या तळघरात, एक राज्याच्या दक्षिणेला दुसऱ्या विद्यापीठात, एक दूर वाळवंटात. एकीत बिघाड झाला तर उरलेल्या दोघी तिला दुरुस्त करतात. एकीतून काही नाहीसं झालं तर उरलेल्या दोघी ते परत देतात. याहून भक्कम काही नाही असं समजून कॅसेटी फेकून देण्यात आल्या. त्यांची खोली रिकामी झाली.

मी दर तिमाहीला आईच्या क्रमांकासमोरची हिरवी खूण बघत आले. बाकीच्या हजारो खुणा मी कामासाठी बघायची, ही एक माझ्यासाठी. परवलीचा शब्द माझ्याकडे होता. ग्रंथालयातलं कुठलंही कुलूप मी उघडू शकत होते. जेवणाच्या सुट्टीत कानाला यंत्र लावलं असतं तर पावणेदोन तासांत सगळं कळलं असतं. एकदा, रूडीचा वाढदिवस होता त्या दिवशी, मी बोट कळीवर ठेवलं. मग काढून घेतलं. आई तीस म्हणाली होती. चोवीस झाली होती.

ते बोट मी काढायला नको होतं. आज मला हे कळतं आणि तुम्हाला अजून कळत नाही, म्हणून सांगते.

तुम्ही आलात ते नवा झाडू घेऊन. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलंत, मला पदानं नको, नावानं हाक मारा, इथं कुणी साहेब नाही. मग सांगितलंत की साठवण म्हणजे वीज, वीज म्हणजे धूर, आणि आपण कुणी वापरत नाही अशा वस्तूंसाठी जग तापवतोय. खोटं नव्हतं ते. टाळ्या मीही वाजवल्या. एक चाळणी ठरली: दहा वर्षांत जी फाइल एकदाही उघडली गेली नाही, ती समितीसमोर आणायची. समितीसमोर तक्ता ठेवला गेला. प्रत्येक फाइलची एक ओळ. आकार किती, खर्च किती, उघडणी किती. कुलूप आहे का, याचा रकाना तक्त्यात नव्हता. कुलपांची नोंद दुसऱ्या ठिकाणी होती आणि ती मागवायचं कुणाला सुचलं नाही.

मे महिन्यातली ती बैठक मला आठवते. समितीचं टिपण मीच लिहायची. आमचा विभागप्रमुख गॉर्डन फेडक, माझ्याबरोबर वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसलेला, कागद बघून म्हणाला, "मार्लीन, पुढच्या विषयाला तुला बाहेर थांबावं लागेल."

मला वाटलं, जानेवारी जवळ आली, कुलपं उघडायची तयारी असेल. मी खूश झाले. खरंच खूश झाले. बाहेर थंड पेयांच्या यंत्राशेजारी उभी राहिले. दार काचेचं होतं. आत तुमचे ओठ हलताना दिसत होते. गॉर्डननं मान हलवली. कुणीतरी डोनटचा खोका पुढं सरकवला, तुम्ही साखरेचा निवडलात, बोटं पुसलीत आणि सही केलीत. माझं पेय अर्धं व्हायच्या आत मला आत बोलावलं.

"काय ठरलं?" मी गॉर्डनला हळूच विचारलं.

"ते मी तुला सांगू शकत नाही. तूच लिहून दिलंयस."

"वाईट नाही ना काही?"

"मार्लीन, डोनट घे."

मी घेतला. हे माझ्या घशाखालून आजही उतरत नाही, पण घेतला.

सप्टेंबरच्या पडताळणीचा निकाल आला. त्यावर वर मोठ्या अक्षरात: शंभर टक्के सुरक्षित. इतका स्वच्छ निकाल पूर्वी कधी आला नव्हता. मी आईचा क्रमांक शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. मग अख्खा संग्रह शोधला. निकाल शंभर टक्के का आला ते तेव्हा समजलं. यंत्र फक्त जिवंतांची हजेरी घेतं. गेलेल्यांना ते गैरहजर धरत नाही, ते त्यांना धरतच नाही.

गॉर्डन टेबलाशी बसून डबा खात होता.

"गिरणीचा संग्रह दिसत नाही," मी म्हणाले.

त्यानं सँडविच खाली ठेवलं. "बस."

"उभी आहे."

"मला वाटलं तुला एव्हाना कळलं असेल."

"कुणाकडून कळणार? तूच मला दाराबाहेर उभी केलीस."

"नियम आहे तो."

"गॉर्डन, ते कुलूपबंद होतं. उघडायला बंदी होती."

"तक्त्यात कुलपाचा रकाना नव्हता. उघडणीचा होता. तुझ्या आईच्या ओळीत शून्य. चाळीसच्या चाळीस ओळींत शून्य."

"शून्यच असणार. बंदी होती म्हणते ना मी."

"हो. ते आता लक्षात येतंय."

"आता? तुला ठाऊक होतं तिथं माझी आई आहे. जानेवारीची वाट मी तुझ्या नाकासमोर बघत होते."

"म्हणूनच तर तोंड उघडता येईना," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर सगळे म्हणाले असते, हा मार्लीनची बाजू घेतोय. तुलाच ते आवडलं नसतं."

 तो खरं बोलत होता. मला आवडलं नसतं.

"दक्षिणेकडची प्रत?"

"जुलैत तिन्हीकडे हुकूम गेला. एकीकडे राहिलं असतं तर तिनं उरलेल्या दोघींना परत दिलं असतं. तुला माहितेय ते."

"राखीव फिती?"

"ऑगस्टमध्ये त्यांच्यावर नवा मजकूर चढला."

"कॅसेटी कुठंतरी राहिल्या असतील. एखादा खोका."

"कॅसेटींच्या खोलीत कॉफीचं दुकान आहे, मार्लीन. तू रोज सकाळी तिथूनच कॉफी आणतेस." मग त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "मला फार अपराधी वाटतंय, मला जरा एकटं बसू दे." म्हणजे समजूतही मीच काढायची. मी नाही काढली. त्याचा डबा झाकला आणि तुमच्याकडे आले.

तुमच्या खोलीत काय झालं ते तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

"मार्लीन, ये ना, बस. आणि मला नावानं हाक मार, किती वेळा सांगायचं."

"मला तुमचं नाव तोंडात घ्यायचं नाही. माझ्या आईची साक्ष कुठं आहे?"

तुम्ही पडद्यावर बघितलंत. तुम्हाला आधी संग्रह कुठला तेच आठवेना. मग आठवलं. "अच्छा, हे गिरणीचं. हो. धोरणात बसत होतं ते."

"एकदाही न उघडलेलं म्हणून?"

"दहा वर्षांत एकदाही नाही."

"तीस वर्षं उघडू नका अशी अट होती. तुमच्याच ग्रंथालयानं कबूल केलेली, तुमच्याच ग्रंथालयाची मोहोर असलेली. दार बंद ठेवायला सांगायचं, आणि दार कुणी वाजवत नाही म्हणून घर पाडायचं?"

"तुझ्या भावना समजतात मला."

"भावना नकोत. एकदा जरी मी ते चोरून उघडलं असतं, तर त्या रकान्यात एक आला असता. बरोबर?"

तुम्ही जरा विचार केलात. "हो. मग ते चाळणीतून सुटलं असतं."

"म्हणजे मी नोकरीत बेइमानी केली असती तर आई वाचली असती."

"असं बघू नकोस."

"कसं बघू? तुम्ही सांगा, तसं बघते."

तेव्हा तुम्ही माझ्यासाठी पाणी मागवलंत. आणि मग म्हणालात, आवाज अगदी मऊ करून, "खरं सांगू का, अशा मुलाखतींत बहुतेक वेळा फार काही नसतं. आठवणी असतात, जेवणखाण असतं. आणि सगळंच गेलेलं नाही ना. प्राध्यापकांनी केलेली नोंद आहे." पडदा माझ्याकडे वळवलात आणि वाचून दाखवलंत. सायमा हौताला, स्त्री, कॅन्टीन कामगार. विषय: कौटुंबिक जीवन, स्वयंपाक, गिरणीतील दिवस. मागे अधूनमधून लाकूड फोडल्याचा आवाज, ध्वनी दर्जा मध्यम. "बघ, तुझी कुऱ्हाडसुद्धा आहे."

मला हसू आलं. तुम्ही ते बरं लक्षण समजलात, कारण लगेच पुढचं काढलंत. आपल्या पद्धतीप्रमाणे पुसलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी एक पान ठेवावं लागतं. कुणी जुना पत्ता टाकून आलं तर त्याला दिसावं की इथं अमुक होतं, आता नाही, या कारणानं काढलं. आमच्यात त्याला थडग्याचं पान म्हणतात, तुम्हीही तेच म्हणालात. या चाळीस जणांची पानं अजून व्हायची होती. "ती तू करावीस असं मला वाटतं. तुला त्यातून थोडं मोकळं वाटेल. आणि वसंतातल्या परिषदेत तू यावर बोललीस तर? सोडून देणं कसं शिकावं, अशा काहीतरी विषयावर. तुझ्याइतकं अधिकारानं कोण बोलणार?"

तुम्ही थट्टा करत नव्हतात. थट्टा केली असतीत तर मी पाण्याचा पेला तुमच्या पडद्यावर ओतला असता. तुम्ही मनापासून माझं भलं करत होतात.

मला खूप वाटलं, यामागे कुणी असावं. गिरणीच्या मालकांचं कुणी, टिलसनच्या घरचं कुणी, ज्यानं तुम्हाला फोन केला असेल. मी कसून शोधलं. कुणी नव्हतं. वैऱ्यानं पुसलं असतं तर आधी एकदा ऐकलं असतं. निदान एका माणसाला ठाऊक असतं आई काय म्हणाली. ते सुखही तुम्ही ठेवलं नाहीत. शेत खायला बाहेरून कुणी आलंच नाही, कुंपणानंच ते खाल्लं, आणि कुंपणाला आपण काय खाल्लं हेही माहीत नाही.

जानेवारी आली. आईची मुदत ज्या दिवशी संपली त्या दिवशी मी रजा काढली आणि गाडी घेऊन गावी गेले. जायला दुसरी जागा नव्हती. व्हर्न टिलसन अजून जिवंत होता. आईचा हिशेब तिथंही चुकला. तो वृद्धाश्रमात होता, नव्वदी ओलांडलेला, खिडकीशी, गुडघ्यांवर घोंगडी. मला बघताच त्यानं नर्सला बाहेर जायला सांगितलं.

"सायमाची पोरगी," तो म्हणाला. "आज तारीख ना ती."

"आजच."

"मला वाटलंच तू येशील. तीस वर्षं वाट बघतोय तुझी. डॉक्टर म्हणतात माझं काळीज दणकट आहे. कसलं दणकट. ते उघडायच्या आत मरायचं ठरवलं होतं, तेवढंही जमलं नाही."

मी खुर्ची ओढून बसले. त्याची बोटं घोंगडीची कड आवळत होती, सोडत होती.

"म्हणजे ऐकलंस तू," तो म्हणाला.

मी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. 

"ती खिडकीत होती. मला ठाऊक होतं. मी वळून बघितलं तेव्हा तिच्या हातात पातेलं होतं. मग ते तिनं खाली ठेवलं. अगदी हळू ठेवलं, अजून दिसतं मला." त्याला खोकला आला. "तिनं सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक, पोरी. मी हे चर्चमध्येसुद्धा बोललो नाही. त्या दिवशी पट्टा थांबून बराच वेळ झाला होता. वरून फोनवर फोन येत होते. आणि रूडी वर होता हे मला—"

"मी ऐकलेलं नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? खोड. दुसऱ्याच्या गैरसमजाचा फायदा घ्यायचा नाही, जे हातात नाही ते आहे म्हणायचं नाही. दर वर्षी माझ्या कामाच्या शेऱ्यात तुम्ही लोक लिहीत आलात: सचोटी, उत्तम. अजून एक श्वास मी गप्प राहिले असते तर त्याचं वाक्य पुरं झालं असतं.

"काय?" तो म्हणाला.

"पुसलं गेलं. ग्रंथालयानं पुसलं. कुणी वापरत नाही म्हणून."

"सगळं?"

"सगळं."

"दुसरीकडे कुठं असेल की. ते लोक ठेवतात ना दोन-तीन ठिकाणी."

"कुठंच नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी खोटं बोलतेय का ते चाचपत. मी खोटं बोलत नव्हते, ते त्याला दिसलं. त्याची बोटं घोंगडीवर सैल पडली. गालांवर रंग आला. माणूस इतक्या म्हातारपणी इतका झपाट्यानं तरुण होऊ शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"बघ," तो म्हणाला, "आणि लोक म्हणतात देव नाही."

"रूडीचं काय सांगत होतात तुम्ही, मिस्टर टिलसन?"

"रूडी?" त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सरोवर गोठलेलं होतं, त्यावर कुणीतरी मासे धरायला भोक पाडून बसलं होतं. "रूडी प्यायलेला होता, पोरी. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तसा गोड पोरगा होता."

"तुम्ही आत्ता म्हणालात, तो वर होता हे तुम्हाला—"

"मी म्हातारा माणूस आहे, काहीही बोलतो." त्यानं घंटी वाजवली. नर्स आली. "भाताची खीर आहे का आज? असेल तर दोन वाट्या आण. एक हिला. लांबून आलीय."

मी खीर खाल्ली नाही. त्यानं दोन्ही वाट्या खाल्ल्या. मार्चमध्ये गेला, झोपेत. चेहऱ्यावर फार समाधान होतं, असं नर्सनं माझ्या मावशीला सांगितलं, आणि मावशीनं मला. गावानं त्याच्या नावानं बाक बसवलाय, सरोवराकडे तोंड करून. आता तिथून माझ्या भावाला क्रियापद म्हणून वापरणारी पोरं गळ टाकतात.

थडग्याची पानं मी केली. एकोणचाळीस जणांची. कुणीतरी त्यांच्या घरचं कधीतरी जुना पत्ता टाकून येईल, त्याला भिंतीवर डोकं आपटायला लागू नये एवढ्यासाठी. त्या प्रत्येक पानावर कारणाच्या रकान्यात तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं: अल्प वापर. माझ्या आईचं पान तेवढं उरलंय. ते माझ्या पडद्यावर आत्ताही उघडं आहे. नाव भरलंय, लांबी भरलीय, कुऱ्हाडीचा आवाज भरलाय. कारणाचा रकाना रिकामा आहे, आणि तो भरल्याशिवाय यंत्र पान जतन करू देत नाही. गॉर्डन दोनदा येऊन गेला. "दोन शब्द टाक आणि सोड ना," म्हणाला. मी नाही टाकले. ते माझे शब्द नाहीत.

ते तुम्ही येऊन टाकायचेत. माझ्या खुर्चीत बसून, स्वतःच्या बोटांनी. अल्प वापर लिहायचं असेल तर लिहा, पण मग खाली हेही लिहा की वापरायला बंदी होती, आणि ती पाळायचं कुणी कबूल केलं होतं. आणि पुसलं ते चाळणीनं नाही, तक्त्यानं नाही, धोरणानं नाही, सहीनं. ती कुणाची होती तेही लिहा.

तेवढ्यानं मात्र माझं भागत नाही. एखादी वस्तू ज्याच्या हातून संपते तो तिचा शेवटचा धनी असतो. ती साक्ष शेवटी तुमच्या हातात होती. तिचा हिशेब तुमच्याकडे आहे. माझी आई त्या दिवशी एक हात वर आणि एक हात खाली धरून प्राध्यापकांना काय दाखवत होती? बटण कुणी दाबलं? माझा भाऊ प्यायलेला होता का?

ती काय म्हणाली? उत्तर द्या. तोंडी नको, लेखी द्या.